खिडकीतला गुंड्या

"अगं, तू ओरडतेस ना, तेव्हा गुंड्याला वाटतं तूही त्याच्याबरोबर भुंकतेयस," नणंद म्हणाली आणि मृदुलाचा नवरा खो खो हसला. मृदुला पाळण्याची दोरी ओढत राहिली. रस्त्यावरून कुणीही गेलं की गुंड्या खिडकीशी धावून भुंकायचा आणि तान्ही लेक दचकून उठायची. म्हणूनच सुट्टीला आलेल्या नणंदेने त्याला शिकवायला घेतलं होतं.

माणूस दिसला, की गुंड्याने भुंकायच्या आत "गुंड्या, इकडे!" आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आठवडाभरात माणूस दिसताच तो आपणहून नणंदेकडे वळू लागला. घर शांत झालं, लेक झोपू लागली. मृदुलाचा मात्र जळफळाट होत होता. बाटलीने दूध पाजून तिने वाढवलेलं पिल्लू आता ताईंच्या पायाशी झोपत होतं. 'शिकू दे काय शिकायचं ते. मला रस्त्यात बघितलं की अजूनही आनंदाने घर डोक्यावर घेईल,' तिने मनाला बजावलं.

संध्याकाळी लेकीला दवाखान्यात लसीचा डोस देऊन परतताना ती मुद्दाम खिडकीखाली थांबली. लेक खांद्यावर झोपली होती. गुंड्याने तिला पाहिलं, शेपटी हलवली आणि शहाण्यासारखा आत वळला.

"मृदुला, बघितलंस? तुला बघूनही भुंकला नाही!" वरून नणंद कौतुकाने म्हणाली.

"हो ना, ताई," मृदुला हसली. मग बेंबीच्या देठापासून ओरडली, "गुंड्याऽऽ!"

गुंड्या भुंकला नाही. खांद्यावरची लेक तेवढी दचकून रडू लागली.