नवी विद्यार्थिनी

वनस्पतिशास्त्राच्या तासाला आठवडाभर एक पन्नाशीच्या काकू शेवटच्या बाकावर येऊन बसत होत्या. आज प्राध्यापिकेने त्यांना थांबवलंच.

"काकू, तुम्ही इथे कशा?"

त्या गडबडून उभ्या राहिल्या. "माझी लेक तुमच्याच वर्गात होती. गेल्या महिन्यात अपघातात गेली."

प्रश्न विचारून भंडावून सोडणारी ती मुलगी प्राध्यापिकेला लगेच आठवली.

"तुम्ही शिकवलेलं सगळं ती रोज भाजी चिरता चिरता मला शिकवायची. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी, झाडं झोपतात का, ते सांगत होती. तेवढ्यात फोन वाजला, तशी 'पुढचं उद्या' म्हणून उठली."

काकूंनी पदराने डोळे टिपले.



"मॅडम, झोपतात का हो झाडं?"