अठरा हात

सासूबाईंना अर्ध्या कुशीवर वळवलं आणि सुनेच्या लचकलेल्या मनगटातून कळ थेट खांद्यापर्यंत गेली. हात सोडावा तर म्हातारी पुन्हा पाठीवर, म्हणजे जखमेवरच पडणार. न सोडावा तर खालची भिजलेली चादर ओढायची कुणी? तिने गुडघा पलंगाच्या कडेला टेकवला, सासूबाईंची कंबर पोटाने रेटून धरली आणि हाक मारली, "अहो!"

बाहेरच्या खोलीत गाणं चाललं होतं. बुधवारची प्रार्थनासभा आज त्यांच्याकडे होती, मुद्दाम आजारी आईसाठी ठेवलेली. नवऱ्याला मंडळीत मान होता, आणि आवाजही चांगला. देवाच्या प्रीतीचं कडवं तो डोळे मिटून, हात उंचावून दोनदा म्हणायचा.

"अहो, जरा या इकडे!"

एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं.

तिसरी हाक तिने बेंबीच्या देठापासून मारली. गाणं मधेच तुटलं.

नवरा दारात आला, पण उंबरठ्याच्या पलीकडेच थांबला. "हळू की जरा. मंडळी आलीय."

"किती जण आलेत?"

"मला धरून नऊ. का?"

"म्हणजे अठरा हात. आणि इथे मला एक मिळेना."

"प्रार्थना होऊ दे, मग बघू."

"मग कधी? नर्सबाई काय सांगून गेल्या? दोन-दोन तासांनी कूस बदला, नाहीतर जखम हाडापर्यंत जाईल. सकाळी एकटीने वळवायला गेले नि मनगट गेलं. आत्ता धरा, नाहीतर पडतील त्या."

नवऱ्याच्या मागे दोनतीन चेहरे आले. खोलीतला वास त्यांच्यापर्यंत पोचला तशी पुढे आलेली निवृत्त हेडबाई एक पाऊल मागे सरली. तिने नाकाला रुमाल लावला आणि रुमालातूनच म्हणाली, "परीक्षा आहे गं ही तुझी. देव बळ देईल हो."

"बळ आहे, बाई. मनगट नाहीये."

आता चर्चचे पाळक पुढे झाले. भला माणूस, कुणाला वाकडा शब्द न बोलणारा. "मुली, राग आवर. प्रीतीने केलेली सेवाच देवाला पोचते."

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण या वेळी तिने आवाज चढवला नाही, उलट उतरवला.

"पोचायची तेव्हा पोचेल, पाळकसाहेब. आधी चादर काढायचीय. तासभर हात वर करून गाताय सगळे. आता जरा खाली आणा."

हेडबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागली. मग पाळकांच्या मागून त्यांची बायको, पाळकीणबाई, वाट काढत आल्या. लहानखुऱ्या, सभेत नेहमी मागच्या रांगेत बसणाऱ्या. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून पाळकांच्या हातात दिलं.

"गरम पाणी कुठंय?"

"न्हाणीघरात. बादली भरलीय."

त्या गेल्या. नवरा मात्र दारातच.

"आई आहे गं ती माझी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मला नाही बघवत."

"त्यांना सोसवतंय, आणि तुला बघवत नाही?"

बावीस वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. तेही पाळकांच्या देखत. तिचं तिला ते कळलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

तो आत आला. बाह्या वर सारल्या आणि पलंगाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"एक हात खांद्याला, एक कमरेला. तुझ्याकडे ओढ. हिसका नको, दुखतं त्यांना."

त्याने ओढलं. म्हातारी त्याच्या पोटावर कलली. सुनेने भिजलेली चादर सर्रकन काढून कोपऱ्यात भिरकावली आणि मान वर करून पाहिलं. नवऱ्याने डोळे गच्च मिटले होते.

"डोळे उघड."

तो तसाच.

"उघड म्हणते ना. प्रार्थना नाहीये ही."

त्याने उघडले. कमरेच्या खाली तळहाताएवढी जखम होती. आत लाल, कडांना काळपट.

"कधीपासून आहे हे?"

"तीन आठवडे. रोज सांगतेय. तू रोज 'आमेन' म्हणतोस."

पाळकीणबाईंनी बादली ठेवली, फडकं पिळून दिलं. सुनेचा राग गेला नव्हता. घरात माणूस कुजतंय आणि बाहेर कडवी म्हणतायत, असं तिचं तोंड चालूच होतं. पण जखमेच्या कडेने तिची बोटं इतकी हलकी फिरत होती, की सासूबाईंनी एकदाही 'आई गं' म्हटलं नाही.

दाराशी माणसं तशीच उभी होती. आत यावं की जावं, ते कुणाला कळत नव्हतं.

सासूबाईंचा चेहरा मुलाच्या शर्टात दबला होता. बऱ्याच वेळाने तिथूनच आवाज आला. मुलासाठी नाही, पाठीमागच्या सुनेसाठी.

"थरथरतोय गं हा," म्हातारी म्हणाली. "शिकव त्याला."