नळीवरची निळी पट्टी

रायफलीच्या नळीच्या तोंडावर चिकटवलेल्या निळ्या पट्टीवर दवाचा एक थेंब गोठला होता. नळीत बर्फ जाऊ नये म्हणून ही पट्टी. गोळी सुटली की तिच्यापुढची हवाच आधी पट्टी फाडते, त्यामुळे नेम जराही हलत नाही. सिर्पाने हे मूसची, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाची, शिकार करणाऱ्या आपल्या टोळीतल्या प्रत्येकाला कधी ना कधी समजावलं होतं. तिची स्वतःची पट्टी मात्र तीन हंगाम शाबूत होती.

रायफल अशी, की शंभर मीटरवर मारलेल्या पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकाव्यात. ती निवडायला सिर्पाला दोन वर्षं लागली होती. नवरा तिने चार महिन्यांत निवडला होता, आणि ते दिसतं, असं तिचा थोरला भाऊ एस्को म्हणायचा.

गोळी न झाडण्याची कारणंही तिने तशीच पारखून निवडली होती. पहिल्या वर्षी आडवा वारा. मग मध्ये आलेली बर्चची डहाळी. मग दुर्बिणीवर साचलेली वाफ. फिनलंडमधल्या कुहमो गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला कारणांची काय वानवा?

पण टोळीचा म्होरक्या एस्को होता, आणि काल सूपच्या पातेल्याभोवती त्याने सांगून टाकलं होतं, "तू बसतेस ते मचाण बाबांचं, म्हणून गप्प बसलो. उद्या शेवटचा दिवस. एका मूसचा परवाना उरलाय. उद्याही तुझी रायफल मुकी राहिली, तर पुढच्या वर्षी तिथे माझा जावई बसेल."

"लाउरी? त्याला बसल्या जागी झोप लागते."

"झोपेत का होईना, बार काढेल."

आता मूस समोर उभा होता. सत्तर मीटरवर, आडवा. त्याच्या नाकपुड्यांतली वाफ सरळ वर जात होती, म्हणजे वारा नव्हता. मध्ये डहाळी नव्हती. दुर्बीण स्वच्छ होती.

सिर्पाने रायफल उचलली. गोळी आत सारून झाडणाऱ्या बोल्टच्या जागी नुसतं भोक होतं. मागून डोकावलं, तर नळीच्या दुसऱ्या टोकाला पट्टीचा निळा ठिपका उजळलेला दिसत होता. तिला धक्का बसायला हवा होता. मूसने पाइनचा एक कोवळा शेंडा ओरबाडला, चावला, आणि तो सावकाश निघून गेला.

थोड्या वेळाने कुत्र्यामागून धापा टाकत एस्को आला.

"पुढ्यात उभा होता तुझ्या. आज काय झालं, भूकंप?"

तिने रायफल खाली त्याच्या हातात दिली. तो बघतच राहिला. मग मचाणाची शिडी धरून हसायला लागला.

"बोल्ट घरी? एवढी नामी रायफल, आणि बोल्ट तुझ्या त्या कॉफीच्या डब्यात?" त्याने डोळे पुसले. "गाव दहा वर्षं हसेल, सिर्पा. जाऊ दे, कुणीही विसरतं. आणखी एक हंगाम दिला तुला."

मचाण वाचलं होतं. तिने फक्त मान हलवायची होती.

ती शिडीवरून उतरली. नखाने तिने पट्टी सोलून काढली.

"विसरले नाही रे. सकाळी डब्यातून काढला, पुसला, तेल लावलं आणि परत ठेवला. आज कारणं संपणार हे मला माहीत होतं."

एस्कोचं हसू थांबलं.

"लाउरीला दे मचाण," ती म्हणाली. "मला मूस मारायचा नाहीये, एस्को. कधीच नव्हता."