आवाजाचा पर्याय

पाळण्यावरचा कॅमेरा आंधळा झाला होता. मीच त्याच्या छोट्या कॉम्प्युटरवर नवं कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, टाकलं आणि कॅमेरा चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम त्यावर बिल्डच होईना. बाळ झोपल्यावर एररच्या मागे लागले. ड्रायव्हर आवाजाचा पर्याय सुरू असेल असं धरून चालला होता, आणि तोच जुन्या सेटिंगमध्ये कुणीतरी बंद ठेवला होता. कुणीतरी म्हणजे बोटीवर नोकरीला गेलेला आणि तिथून या कॅमेऱ्यातून बाळाला बघणारा नवरा. फोन लावला. “अरे, आवाजच काढून टाकलास? कोण करतं असं?” “अगं, बाळ रडलं की इथून उचलता येत नाही. नुसतं बघणं सोसतं.” म्हणजे रोज पाळण्यापाशी कॅमेऱ्याकडे बघत मी नवऱ्याला दिवसभराचं सांगायचे, त्यातलं अक्षरही पोचलं नव्हतं. फोन ठेवला. पर्याय सुरू करणं सोपं होतं. तरी ड्रायव्हरच आवाजाशिवाय चालेल असा केला. उठलेल्या बाळाला घेऊन कॅमेऱ्यासमोर गेले, बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि नुसता बाळाचा हात हलवला.