बॅनरची काठी

त्या दिवशी रविवार पेठेतल्या दुकानदारांनी मोर्चासाठी सकाळपासून शटरं खाली ओढून ठेवली होती. आपण एलबीटी नावाचा महापालिकेचा कर भरायचा आणि ऑनलाइन मागवलेला माल मात्र कर चुकवून घरपोच यायचा, अशी सगळ्यांची तक्रार होती. गिऱ्हाईक दुकानात येऊन मिक्सर फिरवून बघायचं आणि पायरीवर उभं राहून मोबाइलवरून तोच मागवायचं.

मोर्चाची घोषणा हमीदभाईंनी सुचवली होती. ‘पुण्याचा पैसा पुण्यातच ठेवा.’ तीस वर्षं ते पेठेतल्या दुकानांच्या पाट्या रंगवत आले होते, त्यामुळे बॅनरचं काम आपल्याकडेच येणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पांढरं कापड ताणून, ब्रश धुऊन ते दोन दिवस वाट बघत बसले. कोणी आलं नाही.

मोर्चात त्यांना मानानं पहिल्या रांगेत उभं केलं आणि बॅनरची एक काठी हातात दिली. बॅनर चकचकीत फ्लेक्सचा होता. घोषणा त्यांचीच होती, अक्षर त्यांचं नव्हतं.

“छान झालाय,” दुसरी काठी धरलेल्या बद्रीनाथशेठना ते म्हणाले. “कोणाकडून करून घेतलात?”

शेठनी समोरच बघत उत्तर दिलं.



“ऑनलाइन मागवला, टॅक्स वाचला. अहो, जरा वर धरा, तुमची बाजू खाली येतेय.”