एवढीशी तार

“काका, फक्त स्विच बदलायचाय. मागचं काम एकदम चोख झालं होतं,” गिटारवाला म्हणाला.

मागच्या वर्षी त्याच्या गिटारच्या, पायाने दाबायच्या पेडलमधली व्होल्टेज बदलणारी चिप जळली होती. तसली मिळेना, म्हणून मी दुसरी बसवून दिली. तेव्हापासून त्याने अख्खा बँड दुरुस्तीला माझ्याकडे धाडला.

मी झाकण उघडलं. चिप माझीच होती. तिच्या पहिल्या आणि आठव्या पायाला जोडणारी एवढीशी तार मात्र माझी नव्हती. ती जोडायची मी विसरलो होतो. ती नसली की पेडल बारीक शीळ घालत राहतं, आणि तेवढी बारीक शीळ माझ्या कानांना आता ऐकूच येत नाही.

“काय बघताय, काका?”

“काम,” मी म्हणालो. “चोख केलंयस, बाबा.”