शंभर वर्षांचं टेबल

नव्याकोऱ्या फळीला साखळीने बडवून, खिळ्याने वाळवीसारखी भोकं पाडून दिली, की सुताराला त्या टेबलामागे दुप्पट मजुरी सुटायची. दुकानात त्याच टेबलावर पाटी झळकायची: ‘पाडलेल्या घरांतलं शंभर वर्षं जुनं लाकूड. एकही झाड तोडलेलं नाही.’ सुरुवातीला सुताराला चुटपुट लागली, तेव्हा मालक हसले होते. “अरे, परक्यांना विकतोय. आपल्या माणसाला कधी टोपी घातलीय का मी?” तेवढ्यावर त्याचं भागलं.

लेकीने वेगळं बिऱ्हाड केलं. झाडांवर जीव टाकणारी पोर. दोन वर्षं खोक्यावर ताट ठेवून जेवली, पण नवं लाकूड घरात येऊ दिलं नाही. बाबा आले तशी तिने टेबलावरचं कापड झर्रकन ओढलं.

“हात फिरवून बघा ना बाबा! सगळी शिल्लक ओतली यात. तुमची मुलगी म्हटल्यावर मालकांनी स्वतः निवडून दिलं. जुनंच आहे ना?”

सुताराचा अंगठा एका ओळखीच्या खाचेत अडकला.

 

“जुनंच आहे गं,” तो म्हणाला. मागच्या मंगळवारची त्याची दुप्पट मजुरी लेकीने भरली होती.